धोरण वेगळं, ताडपत्री वेगळी

माधव सबनीसांबद्दल चांगलं बोलणारी माणसं दोह्यात पैशाला पासरी मिळतील. तेव्हा ते काम त्यांच्याकडेच राहू दे. मी बरीच वर्षं त्यांच्या हाताखाली होते आणि सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर मला सतत त्यांचा राग येत राहिला. माणूस डोळ्यांआड झाला की राग निवळतो म्हणतात. माझा मुरत गेला.

आमची कंपनी कतारमध्ये, दोह्याला लागून असलेल्या लुसैलमधल्या एका टॉवरमध्ये होती. काम मदतीचं, पण धर्मादाय नव्हे. एखाद्या देशाच्या सरकारला कुठल्यातरी संकटात मदत पाठवायची असते, पण सरकार काही स्वतः बाजारात जाऊन तंबू घेत बसत नाही. ते पैसे देतं आणि आमच्यासारख्या कंपन्या सामान खरेदी करून, बांधून, हमद पोर्टवरून रवाना करतात. मी शिपिंगची कागदपत्रं बघायची. सबनीस आमचे प्रोग्रॅम हेड. म्यानमारमधून हाकलले गेलेले रोहिंग्या बांगलादेशात, कॉक्स बझारच्या टेकड्यांवर बांबूच्या खोपटांत राहतात. त्यांच्यासाठी निरनिराळ्या सरकारांनी दिलेलं सामान पाठवणं हे त्यांचं मुख्य काम होतं.

सबनीस मूळचे नाशिकचे. उंच, शिडशिडीत, पांढरे केस मागे वळवलेले. अंगात कायम क्रीम रंगाचा कोट. ऑगस्टात पोर्टवर उभं राहिलं तर चपलेचा तळ भाजतो, पण सबनीस तिथेही कोटातच असायचे. मदत करणाऱ्या माणसाने नीटनेटकं दिसावं, त्याने डोनरला धीर येतो, असं त्यांचं मत. डोनर म्हणजे पैसे देणारं सरकार. त्यांच्या तोंडून हा शब्द दिवसातून इतक्या वेळा यायचा की आमच्या चहावाल्या नेपाळी पोरीलाही तो पाठ झाला होता.

आणि डोळे. सबनीसांचे डोळे भरून यायला वेळ लागत नसे. मीटिंगमध्ये लहान मुलाचा उल्लेख आला की खिशातून रुमाल बाहेर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं. नंतर लक्षात आलं की रुमाल आत गेला की पुढचं वाक्य बजेटचं असतं. रडणं खोटं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

त्यांची खरी कारागिरी शब्दांत होती. सरकारांच्या तऱ्हा अनेक. एकाला ‘निर्वासित’ हा शब्द चालत नसे, कारण निर्वासित म्हटलं की त्यांना कधीतरी आपल्या दारात घ्यावं लागेल ही धास्ती. दुसऱ्याला ‘रोहिंग्या’ हे नावच नको, कारण म्यानमारशी त्यांचा व्यापार. तिसरं ‘तीव्र चिंता’ व्यक्त करायचं आणि चिंतेबरोबर साबणाच्या वड्या पाठवायचं. कोणाच्या रिपोर्टात कुठला शब्द घालायचा हे सबनीसांच्या जिभेवर असे.

“मीनल,” ते मला म्हणायचे, “सरकार म्हणजे सासर. कुणाला काय म्हणायचं ते आधी शिकायचं. स्वयंपाक नंतर.”

मी एकदा विचारलं, “सर, इतकी सरकारं इतकं सामान देतात, पण यातलं एक तरी शंभर घरं आपल्याकडे राहायला नेतं का? किंवा ज्यांनी यांना हाकललं त्यांना जाब विचारतं?”

सबनीसांनी चष्मा पुसला. “धोरण वेगळं, ताडपत्री वेगळी. आपण ताडपत्रीचे.”

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायला लागले.

दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एकदा त्यांचं भाषण ठेवलं होतं. मंडळात बहुतेक तेल-गॅसवाले इंजिनियर, त्यांच्या बायका, आणि मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी मुलं. सबनीस सुंदर बोलले. चिखलातली मुलं, पाण्याच्या रांगेतल्या बाया, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. रुमाल निघाला. माझ्या शेजारच्या दोघीतिघींचेही निघाले. मग पुण्याचे पाटकर उठले. पाटकरांना सगळ्याच विषयांत गती.

“सबनीस, हे लोक आपल्याकडेही घुसलेत,” ते म्हणाले. “आपण त्यांना परत पाठवायच्या गोष्टी करतोय आणि तुम्ही त्यांना चादरी वाटताय. हे काय लॉजिक?”

सगळे सबनीसांकडे वळले. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. निदान एवढं तरी म्हणेल की जीव घेऊन पळालेल्या बाईला घुसखोर म्हणू नका.

सबनीस हसले. “अगदी बरोबर बोललात, पाटकर. म्हणून तर आम्ही त्यांना तिथल्या तिथे मदत पोचवतो. ते तिथेच राहावेत, इकडेतिकडे पसरू नयेत, म्हणूनच तर.”

पाटकर खूश झाले. टाळ्या पडल्या. मग तिळगूळ वाटला गेला. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की सबनीस खोटं बोलले नव्हते. आमच्या अर्ध्याअधिक डोनरांचा हेतू नेमका तोच होता. फक्त तो असा साध्या मराठीत कुणी बोलून दाखवला नव्हता.

आता शुकूरबद्दल सांगायला हवं. शुकूर हमद पोर्टजवळच्या आमच्या गोदामात पॅकिंगचा फोरमन होता. चाळिशीचा, मेंदीने लाल केलेली दाढी, गळ्यात शिट्टी. तोंडाचा फटकळ, आणि बुटांच्या बाबतीत नखरेल. गोदामातल्या धुळीत त्याचे बूट कसे काय चकाकत असत देव जाणे. राहायला दोह्यातल्या नजमा वस्तीत, इतर पाचसहा जणांबरोबर एका खोलीत. पासपोर्ट बांगलादेशचा, म्हणून सगळे त्याला बांगलादेशी समजायचे. मी दिसले की तो एकच प्रश्न विचारायचा, “मॅडम, जहाज कब जाएगा?” मला वाटायचं, कामाचा माणूस आहे.

त्या उन्हाळ्यात ताडपत्र्यांचा मोठा माल तयार होता. तिकडे पावसाळा तोंडावर आलेला. या मालाच्या डोनरचा नियम असा की प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांच्या देशाच्या चिन्हाचं स्टिकर हवं. स्टिकर लागली, माल कंटेनरमध्ये भरायचा, तेवढ्यात सबनीस आले. एक गठ्ठा उन्हात नेऊन त्यांनी निरखून पाहिला.

“हा आपल्या डोनरचा निळा नाही. फिका आहे.”

मी म्हटलं, “सर, परवाचं जहाज चुकेल. पुढची जागा कधी मिळेल सांगता येत नाही.”

“चुकू दे. फिका निळा त्यांच्या शेजारच्या देशाचा. तिथे फोटो निघणार, आणि श्रेय जाणार भलत्याच्या घरी.”

सगळी स्टिकर सोलून काढायचा हुकूम निघाला. तेव्हा शुकूर उसळला. हातातला गठ्ठा त्याने खाली आपटला.

“साहब, उधर बारिश सर पे खड़ा है! मेरा माँ उधर बैठा है, फटेला प्लास्टिक के नीचे! आप नीला-पीला देखता है?”

गोदामातले सगळे हात थांबले. आपण काय बोलून बसलो हे शुकूरलाही कळलं असावं, कारण तो खाली वाकून गठ्ठा उचलायला लागला. सबनीस हळूच त्याच्याजवळ गेले. “तुम उधर का है? कॅम्प का?”

त्याने मान हलवली. मग थोडं थोडं करून सांगितलं. लहानपणी बापाबरोबर, आधीच्या एका पळापळीत, तो सीमा ओलांडून आला होता. पुढे एजंटाने बांगलादेशी असल्याचे कागद करून पासपोर्ट काढून दिला आणि तो आखातात आला. आई आणि विधवा बहीण मागे म्यानमारमधल्या गावात राहिल्या होत्या. शेवटच्या जाळपोळीत त्या बहिणीच्या मुलांना घेऊन पळाल्या आणि कॅम्पात येऊन पडल्या. त्यांचं सगळं त्याच्या पगारावर चाललं होतं.

सबनीसांनी त्या घामाने निथळणाऱ्या माणसाला कोटासकट मिठी मारली. डोळे वाहत होते. हे मी स्वतः पाहिलं आहे आणि त्यात नाटक नव्हतं. मिठी सोडून त्यांनी प्रिंटरला फोन लावला आणि गडद निळ्याची नवी ऑर्डर दिली.

जहाज चुकलं. ताडपत्र्या गोदामात पडून राहिल्या आणि टेकडीवर पाऊस आला. शुकूरच्या बहिणीचं खोपट चिखलाबरोबर खाली घसरलं. माणसं वाचली. सबनीसांच्या रिपोर्टात ‘ब्रँडिंगचा दर्जा उंचावला’ असं एक वाक्य होतं, आणि त्याबद्दल डोनरकडून शाबासकी आली.

मध्येच एक गोष्ट सांगते, नाहीतर मी सूड उगवतेय असं वाटेल. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सबनीस रोज संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये यायचे. हातात वहिनींनी केलेल्या मुगाच्या खिचडीचा डबा. नवऱ्याच्या उशाशी बसून त्याला पेपर वाचून दाखवायचे, त्याच्या लातूरकडच्या गोष्टी मन लावून ऐकायचे. नवरा अजूनही म्हणतो, “माणूस लई चांगला होता बघ.” मी वाद घालत नाही. ओळखीच्या, आपल्यातल्या, पलंगावर पडलेल्या माणसासाठी सबनीस चांगलेच होते. त्यांची अडचण पुढे सुरू व्हायची, जिथे चांगुलपणाची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते तिथे.

पुढच्या मालाच्या वेळी त्याच डोनर देशाच्या मंत्रीणबाई कुठल्याशा परिषदेसाठी दोह्यात येणार होत्या. त्या गोदाम बघायलाही येणार असं ठरलं. सबनीसांना स्फुरण चढलं. त्यांनी शुकूरला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होते.

“शुकूर, मंत्रीजी के सामने दो शब्द बोलोगे?”

“नहीं साहब. मैं लाइन में खड़ा रहेगा, सब के साथ. बोलेगा नहीं. और वो बात आप भी मत बोलना. मेरा कागज़ दूसरा है.”

सबनीसांनी छातीवर हात ठेवला. “नहीं बोलूँगा. तुम मेरे ऊपर छोड़ दो.”

“पक्का, साहब?”

“पक्का.”

कार्यक्रमाच्या दिवशी शुकूर नवा कोरा शर्ट घालून रांगेत उभा होता. मंत्रीणबाई आल्या, गठ्ठ्यांवरचा गडद निळा पाहून प्रसन्न हसल्या आणि खुर्चीवर बसल्या. सबनीसांचं भाषण सुरू झालं. चिखलातली मुलं झाली, पाण्याची रांग झाली. बाई शेजारच्या अधिकाऱ्याशी कुजबुजत होत्या. मग त्यांनी फोन काढला. सबनीसांना ते दिसलं. भर सभेत श्रोता हातचा निसटतोय हे त्यांना कधीच सहन होत नसे. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“मॅडम मिनिस्टर,” ते इंग्रजीत म्हणाले, “तुमच्या मदतीची गाठ बांधणारा हातच एका रोहिंग्याचा आहे. तो आत्ता या क्षणी तुमच्यासमोर उभा आहे.”

आणि त्यांनी बोट दाखवलं. रांगेतली डोकी वळली. शुकूर जागचा हलला नाही. मंत्रीणबाई उठून त्याच्याकडे गेल्या आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. कॅमेरे चमकले. सबनीस रुमालात तोंड लपवून उभे होते. शुकूर खाली बघत होता.

आठवड्याभराने डोनरकडून मेल आला. अतिशय गोड भाषेत. बाईंना भेट फार हृद्य वाटली. फोटो वेबसाइटवर घ्यायचा आहे, तेव्हा त्या गृहस्थांची माहिती द्यावी. जाता जाता एक शंका: आपल्या यादीप्रमाणे गोदामात रोहिंग्या किंवा म्यानमारचा कुणीच नाही. मग हे गृहस्थ कुठल्या कागदांवर काम करतात? जिची कागदपत्रं संशयास्पद आहेत अशी व्यक्ती आमच्या पैशावर चालणाऱ्या कामात असू नये, असा आमचा नियम आहे.

सबनीसांनी मला तो मेल दाखवला. मी म्हटलं, “सर, एक ओळ लिहा. भाषणाच्या भरात मी वाढवून बोललो. माणूस बांगलादेशीच आहे, त्याचे नातलग कॅम्पात आहेत. विषय खलास.”

“म्हणजे मंत्र्यांसमोर मी खोटं बोललो, असं लेखी देऊ?”

“हो.”

ते खुर्चीत ताठ बसले. “मीनल, डोनरशी आपलं नातं विश्वासाचं आहे. मी आजवर डोनरला खोटं सांगितलेलं नाही.”

मला हसावं की ओरडावं कळेना. एका कॅम्पातले फोटो दुसऱ्या कॅम्पाच्या रिपोर्टात चिकटवणारा हा माणूस. गोदामात पडलेल्या चादरींना ‘वितरणाच्या मार्गावर’ म्हणणारा हा माणूस. त्याला त्या दुपारी सत्याचा उमाळा आला होता.

“सर, तुमची फार तर अब्रू जाईल, तीही थोडी,” मी म्हटलं. काचेच्या केबिनबाहेर माना वळत होत्या, मला त्याची पर्वा नव्हती. “त्याचं सगळं घर जाईल. तुम्ही त्याला शब्द दिला होता. माझ्यासमोर दिला होता.”

“मला काय दुःख होत नाही का? मी त्याच्यासाठी काहीतरी करेनच. पण सध्या प्रोग्रॅम वाचवायला हवा. हजारो लोकांचा प्रश्न आहे. एकासाठी हजारोंचं छप्पर काढू?”

“एका ओळीने कुणाचंही छप्पर जात नाही. तुमचं पुढचं प्रमोशन जाईल.”

त्यांनी माझ्याकडे खूप दुखावल्या नजरेने पाहिलं. डोळे भरले होते. मग त्यांनी मेल स्वतःच लिहिला. संबंधित व्यक्ती आता आमच्याशी निगडित नाही, असं. भाषा नेहमीसारखीच स्वच्छ होती.

म्हणजे झालं ते असं. ज्या सरकारने रोहिंग्यांवर दया म्हणून जहाजं भरून ताडपत्र्या पाठवल्या, त्याच सरकारच्या नियमाखाली त्या सगळ्या कामातला एकुलता एक रोहिंग्या नोकरीवरून गेला. आणि ते घडवून आणणारा माणूस रोहिंग्यांसाठी रडायचा. मला याचा राग येतो. कुणी समजूत घालायला आलं की आणखी येतो.

कतारमध्ये नोकरी गेली की दुसरी शोधायला मुदत असते. पण शुकूर रोहिंग्या असल्याची गोष्ट तोवर पोर्टवरच्या प्रत्येक गोदामात पोचली होती आणि त्याचा पासपोर्टही संपत आला होता. वकिलातीत जाऊन तो नवा करायची आता त्याची हिंमत होईना. तो देश सोडून जायच्या आधी मी आणि माझा नवरा त्याला नजम्यातल्या एका कॅफेटेरियात भेटलो. करक, म्हणजे आखातातला दाट दुधाचा चहा आला. शुकूरने बूट पुसले नव्हते.

नवऱ्याने विचारलं, “अब किधर जाओगे?”

“उधर ही, माँ के पास. और किधर?” तो म्हणाला. “कॅम्प में काम करने का परमिशन नहीं है. देखेंगे.” मग माझ्याकडे वळला. “मॅडम, आपने साहब से बात किया था?”

“किया था.”

“साहब क्या बोला?”

‘साहब रोया’ असं खरं उत्तर होतं. ते मी देऊ शकले नाही. घरी येताना मी गाडीत फणफणत होते तेव्हा नवरा म्हणाला, “कशाला जीवाला लावून घ्यायलीस? तू काय सरकार आहेस का?” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सबनीसांना पुढे बढती मिळाली. कंपनीच्या युरोपातल्या मुख्य ऑफिसात. मंडळाने निरोप दिला, पाटकरांनी शाल घातली. मी गेले नाही.

त्यांच्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी लुसैलच्या ट्रामच्या थांब्यावर ते मला गाठ पडले. तोच कोट. माझ्याशी ते पहिल्यासारखेच, मायेने बोलले. नवऱ्याची तब्येत विचारली. मग म्हणाले, “मीनल, पुढच्या महिन्यात डोनरचं शिष्टमंडळ घेऊन मी कॅम्पात जातोय. शुकूरचा नंबर आहे का तुझ्याकडे? तो तिथेच असेल ना? त्याला भेटवलं असतं सगळ्यांना. आपला जुना सहकारी, आता आपल्याच ताडपत्रीखाली राहतो. फार ताकद आहे त्या गोष्टीत.”

त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही कावा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की शुकूरला आनंद होईल.

“नंबर नाही माझ्याकडे,” मी म्हटलं.

“अरेरे.” त्यांना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. “असू दे गं. तिथे काय माणसांची कमी आहे? दुसरा कुणीतरी मिळेल.”

ट्राम आली. सबनीस चढले आणि दार मिटेपर्यंत मला हात करत राहिले.

शुकूरचा नंबर माझ्या पर्समधल्या फोनमध्ये होता. त्याच दिवशी सकाळी त्याचा निरोप आला होता. माँ बीमार है, इधर काम नहीं है, साहब को मेरा सलाम बोलना, कुछ काम हो तो याद करे. तो सलाम मी पोचवला नाही.